वैमानिकाच्या मागची आसने

आपल्या रावेर तालुक्यात 'भरती' हा शब्द उच्चारला की एकच चित्र डोळ्यांपुढे येते. पहाटेच्या अंधारात रस्त्याच्या कडेने धावणारी मुले, कुणाच्या तरी मनगटावरचे घड्याळ, आणि पोलीस भरतीच्या किंवा सैन्यभरतीच्या तारखांची चर्चा. 'विमान' हा शब्द उच्चारला की दुसरेच चित्र उभे राहते: वैमानिकाची टोपी, मोठ्या शहरातली इंग्रजी शाळा आणि लाखो रुपयांचे शुल्क. पहिले चित्र आपले, दुसरे परक्याचे, अशी वाटणी आपण मनोमन करून टाकलेली आहे. या दोन चित्रांच्या मधोमध कामाचा एक विस्तीर्ण प्रदेश आहे आणि आपल्या मुलांपर्यंत त्याची खबरच पोहोचलेली नाही.

भारतीय वायुसेनेच्या मालवाहू विमानांत आणि मोठ्या हेलिकॉप्टरांत वैमानिकांच्या मागे आणखी काही माणसे काम करीत असतात. ती अधिकारी नसतात, वायुसैनिक असतात. बारावी किंवा पदविका झालेली, साध्या घरांतून आलेली, कॉर्पोरल, सार्जंट, वॉरंट ऑफिसर अशा पायऱ्या चढत गेलेली ही माणसे विमानात बसतात आणि विमान सुरक्षित परत येण्याची जबाबदारी वैमानिकांच्या बरोबरीने उचलतात. आपल्या शाळेने या आसनांकडे गांभीर्याने पाहावे, परंतु डोळे उघडे ठेवून पाहावे, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे.

हवाई शिपायांचा वारसा

भारतीय वायुसेनेची कायदेशीर स्थापना ८ ऑक्टोबर १९३२ रोजी झाली. १ एप्रिल १९३३ रोजी कराचीजवळच्या ड्रिग रोड येथे तिची पहिली तुकडी उभी राहिली, तेव्हा तिच्यापाशी चार वापिती विमाने, इंग्लंडमध्ये शिकून आलेले मोजके भारतीय अधिकारी आणि एकोणीस 'हवाई शिपाई' होते. इतिहासात अधिकाऱ्यांची नावे ठळक राहिली, हवाई शिपायांची पुसट झाली. पण विमान उडण्याजोगे ठेवणारे हात या शिपायांचेच होते. वापिती हे दोन आसनांचे विमान. पुढे वैमानिक, मागे तोफची. वायव्य सरहद्दीवर त्या मागच्या आसनावर हवाई शिपाईही बसत.

याच हवाई शिपायांपैकी एक हरजिंदरसिंग. अभियांत्रिकीचे शिक्षण घेतलेला हा तरुण शिपाई म्हणून दाखल झाला आणि एअर व्हाइस मार्शलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला. १९६१ साली कानपूरमध्ये जुळणी झालेले पहिले अॅव्रो विमान आकाशात गेले, त्या कामामागे त्यांचा हात होता. त्या अॅव्रोंची जागा आता सी-२९५ ही विमाने घेत आहेत. करारातील ५६ विमानांपैकी ४० आपल्या शेजारच्या गुजरातेत, बडोद्याला तयार व्हायची आहेत. खानदेशच्या माणसाला बडोदे काही परमुलूख नाही. नाशिकजवळच्या ओझरलाही विमानांचा कारखाना आणि वायुसेनेचा दुरुस्ती तळ कैक वर्षांपासून आहे. विमान आपल्यापासून दूर आहे, हा केवळ आपला समज आहे.

आपल्या समाजाला तर या वारशाची आणखी एक बाजू ठाऊक असायला हवी. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इंग्रज सरकारने महारांची सैन्यभरती थांबवली, तेव्हा निवृत्त सैनिक गोपाळबाबा वलंगकरांनी १८९४ साली त्याविरुद्ध विनंतीअर्ज तयार केला. बाबासाहेबांचे वडील सुभेदार रामजी हे लष्करी शाळेत शिक्षक होते, आणि छावणीतल्या त्या शिक्षणाने त्या घरात अक्षराला मान मिळाला. पुढे पहिल्या महायुद्धात उभी केलेली महार पलटण युद्धानंतर मोडली गेली. अखेर १ ऑक्टोबर १९४१ रोजी बेळगाव येथे महार रेजिमेंटची पहिली पलटण उभी राहिली. पोटापाण्याइतकाच हा प्रश्न माणूस म्हणून गणले जाण्याचाही होता.

त्याच वर्षी, मार्च १९४१ मध्ये, अमेरिकेत कृष्णवर्णीयांची पहिली हवाई तुकडी स्थापन झाली. टस्कीगी या गावाच्या नावाने तिचे वैमानिक पुढे जगप्रसिद्ध झाले. परंतु वैमानिकांचे शिक्षण सुरू होण्याच्या आधीच कृष्णवर्णीय यंत्रज्ञांची एक मोठी तुकडी इलिनॉय राज्यातील हवाई तळावर इंजिने, शस्त्रे आणि उपकरणे शिकू लागली होती. 'या लोकांना यंत्र उमगत नाही' असे उघडपणे म्हटले जाण्याचा तो काळ. त्या म्हणण्याचे पहिले खंडन हातात पाना धरलेल्या माणसांनी केले. वैमानिक त्यांच्या मागून आले. हा क्रम आपण ध्यानात ठेवावा.

तीन आसने, तीन कामे

पहिले आसन फ्लाइट इंजिनिअरचे. एएन-३२ किंवा आयएल-७६ सारख्या विमानात आणि एमआय-१७ हेलिकॉप्टरमध्ये तो वैमानिकांच्या जवळ बसतो. उड्डाणाआधी विमानाभोवती फिरून तपासणी करणे, इंजिने सुरू होताना तापमान आणि तेलाचा दाब पाहणे, इंधनाचा हिशेब ठेवणे, एखादे यंत्र रुसले तर वैमानिकाला क्षणात नेमके सांगणे, हे त्याचे काम. जिथे दुरुस्तीची सोय नाही अशा धावपट्टीवर विमान उतरले की तोच तिथला यंत्रज्ञ. लडाखमधील दौलत बेग ओल्डी ही धावपट्टी सोळा हजार फुटांहून अधिक उंचीवर आहे. २००८ साली, कित्येक वर्षांच्या खंडानंतर, वायुसेनेचे एएन-३२ तिथे उतरले. इतक्या उंचीवर हवा विरळ असते, माणसाला धाप लागते आणि इंजिनाचेही बळ कमी होते. तिथे इंजिनाची नाडी ओळखणारा माणूस सोबत असणे किती मोलाचे, हे वेगळे सांगायला नको.

दुसरे आसन फ्लाइट गनरचे. नावात बंदूक असली तरी हेलिकॉप्टरच्या दारातील त्याची नजर हीच त्याची मोठी कामगिरी असते. अरुंद दरीत किंवा झाडांच्या गर्दीत हेलिकॉप्टर उतरताना मागची आणि खालची बाजू वैमानिकाला दिसत नाही. दारातला माणूस सांगतो तेच त्याचे डोळे. पुरात छपरावर अडकलेल्या माणसाला दोराने वर ओढून घेताना दारापाशी जो असतो, तो अशा चमूतीलच. २०१३ च्या उत्तराखंड प्रलयात आणि २०१८ च्या केरळातील पुरात देशाने ही दृश्ये पाहिली. दोर सोडणाऱ्या हातांची नावे मात्र कुणी विचारली नाहीत.

तिसरे आसन लोडमास्टरचे. हे काम आपल्या तालुक्याला सर्वांत लवकर समजावे. केळीची गाडी भरताना सगळा भार एका बाजूला गेला तर काय होते, हे इथल्या प्रत्येक मजुराला ठाऊक आहे. विमानाचे तसेच, फक्त इथे चूक पोटात घालायला रस्ताही नसतो. विमानात किती वजन आहे एवढे पाहून भागत नाही. ते तोलबिंदूपासून किती अंतरावर आहे, हेही पाहावे लागते. तोलबिंदूच्या पुढे दोन मीटरवर ठेवलेले तीन हजार किलो आणि मागे तीन मीटरवर ठेवलेले दोन हजार किलो एकमेकांचा तोल सांभाळतात. हा आपल्या शाळेत शिकवला जाणारा तरफेचा नियम. लोडमास्टर रोज तोच नियम वापरतो, साखळ्या आणि पट्ट्यांनी माल जखडतो, छत्रीधारी सैनिकांना दार उघडून देतो, जखमींच्या खाटा लावतो.

हा नियम मोडला तर काय होते याचे उदाहरण २९ एप्रिल २०१३ रोजी अफगाणिस्तानातील बगराम तळावर जगाने पाहिले. एका खासगी मालवाहू बोईंग विमानात पाच अवजड चिलखती वाहने भरलेली होती. उड्डाण होताच त्यांतील किमान एक वाहन निसटून मागे सरकले, शेपटीकडील यंत्रणा निकामी झाली आणि काही क्षणांत विमान कोसळले. सातही जण गेले. चौकशीत बोट ठेवले गेले ते माल जखडण्याच्या सदोष पद्धतीवर. ज्या कामाला आपण सहज 'हमाली' म्हणून मोकळे होतो, त्या कामात गणित चुकले की माणसे मरतात. म्हणून ते करणाऱ्याचा मान मोठा आहे.

या तिन्ही आसनांचे भविष्य सारखे नाही, हेही सांगितले पाहिजे. २०११ मध्ये आलेल्या सी-१३०जे आणि २०१३ मध्ये आलेल्या सी-१७ या विमानांत फ्लाइट इंजिनिअरचे आसनच नाही. त्याचे बरेचसे काम संगणक करतो. सी-१७ सारखे अजस्र विमान दोन वैमानिक आणि एक लोडमास्टर एवढ्यांवर चालू शकते. म्हणजे काही आसने कमी होणार, काही वाढणार. परंतु जी उरतील त्यांना गणित, भौतिकशास्त्र आणि इंग्रजी पूर्वीपेक्षा अधिकच लागेल.

वाट कशी आहे

या आसनांसाठी थेट जाहिरात निघत नाही, ही गोष्ट पालकांनी पहिल्यांदा समजून घ्यावी. 'फ्लाइट इंजिनिअरची भरती निघाली आहे' असे सांगत कुणी पैसे मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवावे. आधी वायुसैनिक व्हावे लागते, एखाद्या शाखेत काम शिकावे लागते, आणि मग सेवेतल्या अनुभवी वायुसैनिकांमधून परीक्षा आणि कडक वैद्यकीय तपासणी करून विमानातील चमूसाठी निवड होते.

वायुसैनिक होण्याची वाट जून २०२२ पासून मुख्यतः अग्निपथ योजनेतून जाते. तीत दाखल होणाऱ्याला 'अग्निवीरवायू' म्हणतात. आजच्या नियमांनुसार वय साडेसतरा ते एकवीस आणि उमेदवार अविवाहित हवा. शिक्षणाच्या वाटा तीन. बारावीला गणित, भौतिकशास्त्र, इंग्रजी आणि एकूण किमान ५० टक्के, शिवाय इंग्रजीत स्वतंत्रपणे ५० टक्के. किंवा यंत्र, विद्युत, इलेक्ट्रॉनिक्स, ऑटोमोबाइल, संगणक अशा शाखांची तीन वर्षांची पदविका. किंवा भौतिकशास्त्र व गणित असलेला दोन वर्षांचा व्यावसायिक अभ्यासक्रम. कला-वाणिज्य शाखेच्या मुलांनाही वेगळ्या प्रश्नपत्रिकेने प्रवेश आहे. परीक्षा संगणकावर होते आणि चुकलेल्या उत्तराला पाव गुण कापला जातो. त्यानंतर धावणे, व्यायामाची चाचणी, वायुसेनेच्या जीवनाशी जुळवून घेण्याची चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. वैद्यकीय सहाय्यकाच्या शाखेसाठी मात्र अग्निपथाबाहेरची नियमित भरतीही होत आलेली आहे, हे जीवशास्त्र घेतलेल्या मुलांनी ध्यानात ठेवावे.

सशस्त्र दलांच्या भरतीत जातीनिहाय आरक्षण नाही. आपल्या घरांत अनेकदा जातीचा दाखला जपून ठेवला जातो, आणि बारावीच्या इंग्रजीच्या गुणांकडे दुर्लक्ष होते. इथे दाखला उपयोगी पडत नाही, इंग्रजीतले ४९ टक्के मात्र आडवे येतात. आपली पहाटे धावणारी मुले पायांनी कुठेच कमी पडत नाहीत. त्यांची वाट वर्गात अडते, आणि तीही अकरावीला गणित सोडून दिल्याच्या दिवशी.

निवड झालेल्यांचे मूलभूत प्रशिक्षण बेळगावजवळच्या सांबरा येथील वायुसैनिक प्रशिक्षण विद्यालयात होते. अग्निवीरवायूंची पहिली तुकडी तिथे डिसेंबर २०२२ मध्ये दाखल झाली. २०२३ च्या अखेरीस तिथूनच दीडशेहून अधिक मुलींची पहिली तुकडी बाहेर पडली. ज्या बेळगावात महार रेजिमेंट उभी राहिली, त्याच बेळगावात आज आपली मुलगीही वायुसेनेचा गणवेश घालू शकते. वसतिगृहातील मुलींना हे वाक्य एकदा फळ्यावर लिहून दाखवावे असे मला वाटते.

चार वर्षांचा हिशेब

आता कठीण भाग. अग्निवीर हा चार वर्षांचा करार आहे. पहिल्या वर्षी दरमहा ३०,००० रुपये, नंतर ३३,०००, ३६,५०० आणि चौथ्या वर्षी ४०,०००. यातील ३० टक्के 'सेवा निधी'साठी कापले जातात, म्हणजे पहिल्या वर्षी हाती २१,००० येतात. चार वर्षांत सैनिकाचे सुमारे ५ लाख २ हजार रुपये जमतात, सरकार तेवढीच भर घालते, आणि व्याजासह सुमारे ११ लाख ७१ हजार रुपये करमुक्त मिळतात. ४८ लाखांचे विमा संरक्षण आहे. निवृत्तिवेतन नाही आणि उपदानही नाही. चार वर्षांनंतर जास्तीत जास्त २५ टक्के जणांना नियमित सेवेत घेतले जाते. विमानातील आसनांची वाट या २५ टक्क्यांतूनच पुढे जाते.

म्हणजे शंभर मुले गेली तर किमान पंचाहत्तर एकवीस ते पंचवीस या वयात घरी परततील. शेतमजुराच्या घरात अकरा लाख ही फार मोठी रक्कम आहे, हे मी नाकारत नाही. कर्ज फिटेल, घरावर छप्पर पडेल, बहिणीचे लग्न होईल. पण नेमक्या याच तीन वाटांनी ती रक्कम संपेल आणि मुलगा पुन्हा भरतीच्या रांगेत उभा राहील, अशी भीती मला वाटते. केंद्रीय सशस्त्र पोलीस दलांत अग्निवीरांना दहा टक्के राखीव जागांची घोषणा झालेली आहे, इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठाच्या पदवीचीही सोय आहे. या सोयी चांगल्याच आहेत. परंतु घोषणेवर घर चालत नाही.

काही जण याच कारणासाठी म्हणतात की, आपल्या मुलांना या वाटेला लावूच नये. पूर्वी वायुसैनिकाला वीस वर्षांची पहिली नेमणूक आणि पुढे निवृत्तिवेतन होते. आता जोखीम तीच, आधार मात्र तोकडा. हा आक्षेप वजनदार आहे आणि त्याला 'देशसेवा' या एका शब्दाने उत्तर देऊन चालणार नाही. माझे उत्तर वेगळे आहे: ज्याच्या हाती परतीची वाट आहे, त्यानेच या वाटेला लागावे. दहावीनंतर जळगाव किंवा धुळ्याच्या शासकीय तंत्रनिकेतनात तीन वर्षांची पदविका घ्यावी. वय एकोणीस होते. त्यानंतर एकविसाव्या वर्षापर्यंत प्रयत्न करावा. निवड झाली आणि कायम झाला, तर विमानातील आसनापर्यंतची शिडी समोर आहे. चार वर्षांनी परतला, तर हाती पदविका, वायुसेनेचा अनुभव आणि अकरा लाखांची पुंजी आहे. निवड झालीच नाही, तरी पदविका कुठे गेली नाही. ओझरपासून भुसावळ-वरणगावच्या आयुध निर्माणीपर्यंत आणि रेल्वेपर्यंत तिला विचारणारे आहेत. या क्रमात एक अडचण आहे. परीक्षेतील भौतिकशास्त्र आणि गणित बारावीच्या केंद्रीय अभ्यासक्रमाचे असते, ते पदविकेच्या मुलाला वेगळे करावे लागते. ती तयारी आपली शाळा सुट्ट्यांमध्ये करून घेऊ शकते. पदविकेत इंग्रजी विषय नसेल तर दहावीचे गुण पाहिले जातात. तेव्हा दहावीच्या इंग्रजीला कुणी हलके लेखू नये.

धम्माच्या शाळेने हे शिकवावे काय?

हा प्रश्न काही पालक विचारतील आणि त्यांनी तो विचारायलाच हवा. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात सिद्धार्थाच्या गृहत्यागाचे कारण सांगताना रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलीय यांच्यात पेटलेला वाद पुढे ठेवला आहे. संघाचा ठराव युद्धाचा होता आणि सिद्धार्थ त्याविरुद्ध उभा राहिला. त्याच ग्रंथात सिंह सेनापतीच्या शंकेचाही परामर्श आहे, आणि मारण्याची इच्छा व मारण्याची गरज यांत बाबासाहेबांनी भेद केला आहे. शस्त्रांचा व्यापार उपासकाने करू नये, असे पाली ग्रंथ सांगतात. या सगळ्याचा एका ओळीत निकाल लावणे मला जमणार नाही.

माझी भूमिका एवढीच आहे की शाळेने सैन्याची भरती करू नये, शाळेने माहिती द्यावी. ज्या मुलाचे मन शस्त्राला नकार देते, त्याचा नकार हाही धैर्याचाच भाग मानावा. ज्या मुलाला जायचे आहे, त्याने जोखीम समजून जावे. जोखीम खरी आहे. २५ जून २०१३ रोजी गौरीकुंडजवळ मदतकार्यातील हेलिकॉप्टर कोसळले आणि वीस जण गेले, त्यात वायुसेनेचा चमू होता. ८ डिसेंबर २०२१ रोजी कुन्नूरजवळ संरक्षण दलप्रमुखांना घेऊन जाणारे हेलिकॉप्टर कोसळले. त्याच्या चमूत दोन वैमानिकांबरोबर दोन ज्युनिअर वॉरंट ऑफिसरही होते. २२ जुलै २०१६ रोजी बंगालच्या उपसागरावर २९ जणांसह नाहीसे झालेल्या एएन-३२ चे अवशेष सापडायला जानेवारी २०२४ उजाडले. साडेसात वर्षे त्या घरांनी कसली वाट पाहिली असेल? मुलाच्या अर्जावर सही करण्यापूर्वी आईवडिलांनी हेही ऐकलेले असावे. अर्धे सत्य सांगून तयार केलेला उत्साह धम्माला मान्य होणार नाही.

आणि तरीही, छपरावरच्या माणसाला वर ओढून घेणारा हात आणि शस्त्र धरणारा हात एकाच माणसाचे असतात, हे वास्तव नजरेआड करता येत नाही. करुणेला कौशल्य लागते. वाहत्या पुरावर स्थिर राहिलेले हेलिकॉप्टर हे त्या कौशल्याचेच एक रूप आहे.

शाळेपुढे काही सूचना

पहिली सूचना तपासणीची. आठवीतच प्रत्येक मुलाचे डोळे, रंगओळख, कान आणि दात तपासून घ्यावेत. रंगांधळेपणा हा मुलाचा दोष नाही, पण तो विसाव्या वर्षी निवडकेंद्रात कळण्यापेक्षा तेराव्या वर्षी शाळेत कळलेला बरा, म्हणजे दुसरी वाट वेळेवर निवडता येते.

दुसरी सूचना कागदांची. आधार, शाळा सोडल्याचा दाखला आणि गुणपत्रिका यांवरील नाव व जन्मतारीख एकसारखी हवी. एका वेलांटीपायी अर्ज अडकलेली मुले आपण सर्वांनी पाहिली आहेत. नववीत हे काम शाळेने हाती घ्यावे.

तिसरी सूचना इंग्रजीची. वसतिगृहाचा मोठा लाभ म्हणजे संध्याकाळ आपल्या हाती असते. रोज अर्धा तास इंग्रजी वाचन आणि बोलणे एवढेच चार वर्षे नेमाने केले, तर ५० टक्क्यांची अट भिंत राहणार नाही. भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत तरफ, दाब, घनता आणि विद्युतमंडले हातांनी करून पाहायला मिळावीत. जो मुलगा मळ्यातला पंप उघडून जोडतो, त्याला दाबाचे सूत्र परके वाटू नये, एवढे केले तरी शाळेचे निम्मे काम झाले.

चौथी सूचना माजी विद्यार्थ्यांसाठी. आपल्यापैकी जे भूदल, नौदल, वायुसेना, रेल्वे किंवा आयुध निर्माणीत आहेत किंवा होते, त्यांनी वर्षातून एक दिवस वर्गात यावे आणि पगाराइतकेच बदल्या, एकटेपण आणि बढतीची परीक्षा यांविषयीही बोलावे. गणवेशातले छायाचित्र भिंतीवर लागते तेव्हा मुले मान वर करून पाहतात. गणवेशातला माणूस शेजारी बसून गणित सोडवतो तेव्हा ती प्रश्न विचारतात.

शेवटची सूचना पालकांना. मुलगा अकरावीला गणित सोडतो म्हणाला तर त्याला रागावू नका, पण लगेच होही म्हणू नका. एक दिवस थांबा, शिक्षकांना भेटा. त्याने गणित ठेवले तर तो वायुसेनेत जाईलच असे नाही, कदाचित तो शिक्षक होईल, यंत्रज्ञ होईल, नाहीतर केळीच्या बागेत ठिबकची आखणी करील. गणित सोडले तर मात्र किती दारे मिटली हे त्याला कळायला कित्येक वर्षे जातील. हा निर्णय जून महिन्यात, प्रवेशाच्या रांगेत, पाच मिनिटांत होतो. तो घरी बसून, पूर्ण माहितीनिशी व्हावा, एवढी सोय आपल्या शाळेने येत्या वर्षापासून करावी.